शेणावरच्या छत्र्या

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आषाढात एक फोटो पडला. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कुणीतरी काढलेला. पावसानं भिजलेलं शेण, भोवती खुरटं हिरवंगार गवत आणि शेणातून वर आलेल्या चारपाच पांढुरक्या छत्र्या. फोटो उभ्यानं, वरून काढलेला, त्यामुळं नुसत्या टोप्या दिसत होत्या. खाली एक ओळ : ‘खायला चालतंय काय रं हे?’ मग उत्तरं सुरू झाली. ‘कुत्र्याची छत्री हाय ती, हात लावू नको.’ ‘अळंबी हाय की. कांदा-लसूण चटणी घालून सुकं कर, नाद खुळा लागतंय.’ ‘लसणासंगं शिजव, लसूण काळा पडला तर टाकून दे.’ एवढ्यात एकानं कुठूनतरी शोधून टाकलं की शेणावरची ही जात नशेची असते आणि परदेशात महाग विकली जाते. त्यासरशी ग्रुपचा सूरच फिरला. घटकेपूर्वी जे हात लावू नको म्हणत होते, त्यांनाच आता ती पठारावर नेमकी कुठल्या बाजूला आहे ते हवं होतं.

एकानंही विचारलं नाही की ती उपटून, उलटी करून बघितलीस का.

ते राहून राहून खटकतं. कारण वरून दिसते ती टोपी, आणि टोपीइतकी फसवी गोष्ट अळंबीत दुसरी नाही. पावसात तपकिरी दिसणारी टोपी उघडीप पडली की दोन तासांत वाळून पांढुरकी होते. मधोमध आधी फिकट पडते आणि काठाला ओला गडद पट्टा राहतो. कोवळेपणी घुमटासारखी असते ती जून झाल्यावर सपाट होते, मग काठ वर वळतात. वर चिकटलेले खवले एका जोरदार सरीत धुऊन जातात. खरी ओळख पटते ती खालच्या अंगाला. टोपीखालच्या पातळ पात्यांचा रंग कोणता, त्या दांड्याला चिकटल्यात की सुट्या आहेत, दांड्यावर कडं आहे का, कडं असेल तर ते वरखाली सरकतं का, बुडाशी पांढरी पिशवी आहे का, आणि बूड नुसतं शेणात टेकलंय, लाकडावर आहे की जमिनीत खोल गेलंय. फोटोतल्या त्या छत्र्यांबद्दल खात्रीनं सांगता येण्यासारखं एकच होतं : त्या शेणावर आल्या होत्या. तेवढ्यावरून खूप काही कळतं, पण विचारणाऱ्याला हवं होतं ते कळत नाही.

शेणाची कोल्हापुरात वानवा नाही. गंगावेशीत रात्री कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं म्हशीचं दूध पेल्यानं पिणारं हे गाव, आणि भोवतीच्या तालुक्यांत दारापुढं म्हैस नाही असं घर शोधावं लागतं. पण गोठ्यातलं शेण या छत्र्यांच्या फारसं कामाचं नाही. ते सकाळीच उचललं जातं. थापून शेणी झाल्या तर उन्हात वाळतात. गोबरगॅसच्या टाकीत गेलं तर हवा मिळत नाही. उकिरड्यावर गेलं तर ढीग आतून तापतो. उकिरड्यावर येतात त्या वेगळ्या, एका दिवसात वितळून काळ्या शाईचे थेंब गाळणाऱ्या कोप्रिनॉप्सिसच्या जाती. पठारावर चरायला सोडलेल्या जनावराचं शेण मात्र पडलं तिथंच राहतं, आणि त्यात एक अख्खी पंगत एकामागून एक बसते. पहिल्या काही दिवसांत येतो पायलोबोलस नावाचा बुरशीचा प्रकार : काचेसारखा पारदर्शक, अर्ध्या बोटापेक्षाही बुटका, डोक्यावर काळा टिपका, म्हणजे बीजाणूंची, बुरशीच्या सूक्ष्म बियांची, पुरचुंडी. त्याच्या देठाचा फुगलेला भाग उजेडाच्या दिशेनं वळतो आणि आतल्या पाण्याच्या दाबानं तो काळा टिपका दोन मीटरपर्यंत उडवतो. एवढा खटाटोप कशाला, तर जनावर शेणाला लागून वाढलेलं गवत तोंडात घेत नाही. बीजाणूला पुढच्या म्हशीच्या पोटात जायचं असेल तर शेणापासून लांब, स्वच्छ गवतावर जाऊन चिकटावं लागतं. त्याच्या मागून बारक्या वाट्यांसारख्या बुरशा येतात, आणि सहज पचणारं संपून तंतुमय भाग उरला की शेवटच्या पंगतीला छत्र्या बसतात. त्यांच्यातल्या अनेकींच्या बीजाणूंची कवचं इतकी जाड असतात की पोटातली ऊब आणि पाचकरस यांतून गेल्यावरच ती नीट उमलतात. म्हणजे शेणात बी बाहेरून पडत नाही, शेणाबरोबरच येतं.

नशेच्या म्हणून गाजलेल्या दोन उष्ण कटिबंधीय जाती या शेवटच्या पंगतीतल्याच. पहिलीचं शास्त्रीय वर्णन १८७१ साली आपल्या शेजारच्या सिलोनातल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, नमुन्यांवरून बर्कली आणि ब्रूम यांनी केलं. आज ती पॅनिओलस सायनेसेन्स म्हणून ओळखली जाते. दुसरी सिलोसायबी क्युबेन्सिस. तिचं वर्णन १९०६ मध्ये अर्ल यांनी क्यूबातून केलं, आणि पुढच्याच वर्षी पातुईयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं टोंकीन, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून, तीच जात दुसऱ्या नावानं नोंदवली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच सुमारास एकच छत्री सापडावी यात गूढ काही नाही. दोन्हीकडं गुरं होती, ऊब होती आणि पाऊस होता. तिच्यात असं काही द्रव्य आहे याची या वर्णनं करणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. ती पुढं अर्धशतकानं आली. १९५८ मध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी मेक्सिकोतल्या सिलोसायबी मेक्सिकाना या भावंडातून सिलोसायबिन आणि सिलोसिन ही नशा आणणारी द्रव्यं वेगळी काढली. त्यासाठी लागलेली अळंबी पॅरिसमध्ये वाढवून पुरवली होती रॉजे हाइम यांनी. हे नाव लक्षात ठेवा, आपल्या वारुळापाशी ते परत येणार आहे.

तर मग फोटोतली ती यांपैकीच होती का? पैज लावायची झाली तर मी ‘नाही’वर लावीन. उष्ण प्रदेशात गुरांच्या शेणावर सगळ्यात सर्रास दिसते ती पॅनिओलस अँटिलारम : पांढरी ते राखाडी, भक्कम दांड्याची, अंगात नशेचं काही नसलेली. शेजारच्याच शेणावर दुसऱ्या दोनतीन पॅनिओलस असू शकतात. त्या सगळ्यांच्या पात्या ठिपकेदार, करड्या-काळ्या दिसतात, कारण बीजाणू पात्यावर एकाच वेळी न पिकता ठिपक्याठिपक्यांनी पिकतात. त्यांच्याच सोबतीला बारीक, नाजूक दांड्याच्या, गंजकट तपकिरी बीजाणूंच्या कोनोसायबी येतात. या कोनोसायबी हिरवळीतही असतात, आणि त्यांच्यातल्या काहींत यकृत निकामी करणारं विष असतं. चार हातांच्या परिसरात निरुपद्रवी, नशेची आणि जीवघेणी अशा तिघीही नांदू शकतात. वरून काढलेल्या फोटोत तिघी ‘बारकी तपकिरी छत्री’ एवढ्याच.

ग्रुपवर पुढं कुणीतरी ‘चिरडून बघ, निळं पडलं तर तीच’ असं ज्ञान दिलं. निळेपणाची गोष्ट खरी आहे आणि अपुरीही. जखम झाली की पेशी फुटतात, एक विकर (एन्झाइम) सिलोसायबिनवरचा फॉस्फेटचा तुकडा तोडतं, त्यातून सिलोसिन सुटतं, आणि दुसरं विकर, लॅकेज, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं सिलोसिनचे रेणू एकमेकांना जोडून निळा रंग तयार करतं. ही साखळी जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी अगदी अलीकडं, २०१९-२० च्या सुमारास उलगडली. पण पात्यांऐवजी खाली स्पंजासारखी भोकं असलेल्या कितीतरी बोलेट अळंब्या कापल्याबरोबर निळ्या पडतात, त्या पूर्ण वेगळ्या द्रव्यामुळं, आणि त्यांच्यातल्या काही पोट बिघडवतात. काळ्या पात्यांच्या छत्रीवर काळपट डाग निळा आहे की नुसता काळा, हे पावसाळी अंधूक उजेडात दहा माणसं दहा तऱ्हेनं सांगतील. शिवाय निळं पडलं म्हणजे खायला हरकत नाही, हा अर्थ त्यात आला कुठून?

घरच्या घरी करण्याजोगी आणि काही सांगणारी चाचणी एकच आहे, बीजाणूंचा ठसा. पूर्ण उघडलेली, पण अजून काठ वर न वळलेली छत्री घ्यायची. दांडा टोपीला लागून कापायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घेऊन त्याच्या सीमेवर टोपी पात्या खाली करून ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची, वारा लागू नये म्हणून. रात्रभर तशीच. सकाळी टोपी सरळ वर उचलायची. ओढली की ठसा फासला जातो. दोन रंगांचा कागद अशासाठी की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, आणि अनेक लोक ‘काही पडलंच नाही’ म्हणून सोडून देतात, तेव्हा नेमका तोच धोक्याचा असतो. टोपी पावसात चिंब असेल तर कागद भिजून ठसा फुटतो. तासभर टिपकागदावर ठेवून मग लावावी. फार वाळली असेल तर टोपीच्या वरच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकावा. किडकी असेल तर सकाळी बीजाणूंऐवजी अळ्या सापडतात. रंग दिवसाउजेडी, खिडकीशी बघायचा, बल्बच्या पिवळ्या प्रकाशात नाही. कोळशासारखा काळा ठसा पॅनिओलसचा, जांभळट तपकिरी सिलोसायबीचा, चॉकलेटी आपल्या बाजारातल्या बटण मशरूमच्या कुळाचा, गंजकट तपकिरी कोनोसायबी आणि गॅलेरिनाचा, गुलाबी पेंढ्यावरच्या अळंबीचा आणि वारुळाच्या अळंबीचाही, मळकट हिरवा क्लोरोफायलमचा, पांढरा अमानिटा आणि लेपिओटा या जीवघेण्या जाती असलेल्या कुळांचा. आणि ठसा गुलाबी आला म्हणून हुरळायचं नाही. एंटोलोमा नावाच्या विषारी कुळाचा ठसाही गुलाबीच असतो. ठशानं कूळ बाद करता येतं, जेवणाला परवानगी मिळत नाही.

आता वारूळ. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात ‘अळंबी’ म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती हीच, आणि तिच्यापुढं बाकी सगळं फिकं. बेंदराच्या आगेमागे जोराचा पाऊस होऊन दोन दिवस दमट उघडीप पडली की ठरलेल्या बांधाला, ठरलेल्या जागी येते. जागा घराघरात ठाऊक असते आणि शेजाऱ्याला सांगितली जात नाही. ही टर्मिटोमायसिस. हे कूळ १९४२ मध्ये मांडलं त्याच रॉजे हाइम यांनी, ज्यांनी पुढं हॉफमन यांना मेक्सिकोची अळंबी पुरवली. दक्षिण भारतातल्या एका जातीला १९७९ साली नटराजन यांनी हाइम यांचंच नाव दिलं, टर्मिटोमायसिस हाइमी. एकाच माणसाच्या आयुष्यात वाळवीची आणि नशेची अळंबी शेजारी बसावी, हे मला त्या ग्रुपवरच्या गोंधळापेक्षा जास्त मजेचं वाटतं. दोन्हींकडं बघताना पहिला प्रश्न एकच : ही कशावर वाढते?

वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चघळून वारुळाच्या पोटात त्याचे मऊ, भोकाभोकांचे गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी लाकूड पचवून देते, वाळवी त्यावरचे पांढरे दाणे खाते. पावसानं जमीन भिजली की त्या गोळ्यातून एक दांडा मातीतून वाट काढत वर येतो, कधी हातभर खोलीवरून. म्हणूनच टोपीच्या मधोमध टणक टोक असतं, माती फोडायला. आणि म्हणूनच बूड मुळासारखं खाली निमुळतं होत जातं. ओढताना ते अर्ध्यात तुटतं, तेव्हा हातानं माती सारून ते किती खोल जातंय ते बघणं ही या अळंबीची सगळ्यात भरवशाची खूण. तीही अपवादाशिवाय नाही. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही नखाएवढी पांढरी जात शेकड्यांनी चटईसारखी येते आणि तिला असं लांब मूळ नसतं, कारण ती वाळवीनं वर आणून टाकलेल्या गोळ्यांच्या तुकड्यांवर उगवते. लोभापायी पहारीनं वारूळ खणून काढणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं. गोळे उघडे पडले आणि वाळवी निघून गेली की त्याच गोळ्यांवर झायलेरियाची काळी बोटं उगवतात, आणि अळंबीची ती जागा संपते. शेणावर नाहीतर पेंढ्यावर बी टाकून ही वाढवता येत नाही. वाळवीशिवाय तिची शेती अजून कुणाला जमलेली नाही, म्हणून ती जत्रेच्या मटणासारखी हंगामातच खायची. सकाळी काढलेली संध्याकाळपर्यंत किडते. बुडाची माती सुरीनं खरवडायची, भरभर धुवायची, पाण्यात भिजत ठेवायची नाही. कढईत ती स्वतःचं पाणी सोडते. ते आटेपर्यंत चटणी घालायची नाही, नाहीतर मसाला पाण्यात पोहतो.

हिच्याच भरवशावर दरवर्षी लोक फसतात. बंगल्याच्या हिरवळीत, शाळेच्या मैदानावर, उसाच्या बांधाला पावसाळ्यात येणारी थोरली, देखणी, पांढरी छत्री बहुतेक वेळा क्लोरोफायलम मोलिब्डायटिस असते. टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर वरखाली सरकणारं कडं, बूड फुगीर, मूळ नाही. कोवळेपणी पात्या पांढऱ्याशुभ्र, आणि इथंच घात होतो, कारण पात्यांना हिरवट झाक येते ती छत्री जून झाल्यावर. खाल्ल्यावर तासा-तीन तासांत उलट्या-जुलाब इतके की सलाईन लावावी लागते, पण माणूस सहसा वाचतो. अमानिटा आणि लेपिओटाच्या काही जातींतलं अमाटॉक्सिन मात्र वेगळ्या चालीचं. सहा तास, कधी दिवसभर काहीच होत नाही. मग जुलाब, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत बंद पडतं. आसामातल्या चहामळ्यांत २०२२ च्या एप्रिलमध्ये अशा जंगली अळंबीनं अनेकांचे जीव गेले. हे विष शिजवून, वाळवून, तळून जात नाही. लसूण काळा पडण्याचा, चांदीचं नाणं काळवंडण्याचा, तांदूळ रंग बदलण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. गोगलगाय खाते म्हणून आपल्यालाही चालेल, हा तर्क तर सगळ्यात घातक. गोगलगाईला हे विष बाधत नाही.

नशेच्या बाजूबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं, कारण ग्रुपवर कुतूहल तिथंच होतं. सिलोसायबिन पोटात गेलं की त्याचं सिलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या एका ठरावीक ग्राहकाला (रिसेप्टरला), ५-एचटी२ए ला, चिकटतं. अर्ध्या-पाऊण तासात बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, मळमळतं. भिंती हलतात, वेळ ताणला जातो. हे चार ते सहा तास चालतं. परदेशात नैराश्यावर त्याच्या चाचण्या चालल्यात हे खरं, पण तिथं मोजून दिलेलं शुद्ध द्रव्य असतं, आधी छाननी झालेला रुग्ण असतो आणि शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. पठारावरच्या दोन शेजारच्या छत्र्यांत त्या द्रव्याचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं असू शकतं. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर एका वेळच्या सेवनानंही तो उफाळू शकतो. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर झटके येऊ शकतात. आणि मसाई पठाराला कडे आहेत. विषापेक्षा पाय चुकून माणूस जाण्याची भीती तिथं जास्त. कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आणि सिलोसिन दोन्हींची नावं आहेत. ‘परदेशात महाग जाते’ म्हणून पिशवी भरणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

कुणी काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयोग करू नये, दूध-तूपही देऊ नये. खाल्ल्याची वेळ आणि पहिल्या त्रासाची वेळ कागदावर लिहावी. या दोहोंतलं अंतर डॉक्टरला विषाची जात सांगतं. उरलेली अळंबी, नसेल तर चिरताना टाकलेली बुडं, तीही नसतील तर शिजलेली भाजी, कागदी पिशवीत घालून सोबत न्यावी. प्लॅस्टिकमध्ये ती लवकर सडते. त्याच जागेवरची एक अख्खी छत्री बुडासकट खणून आणायला कुणालातरी पाठवावं. सहा तासांनंतर त्रास सुरू झाला असेल तर गावातल्या दवाखान्यात सलाईनवर वेळ न घालवता सरळ कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात जावं, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी घरी आणण्याची घाई करू नये. लहान मुलानं अंगणातली छत्री तोडून चावली असेल तर तोंडातले तुकडे बोटानं काढावेत, चूळ भरायला लावावी आणि वाट न बघता निघावं. नुसता हात लागून विषबाधा होत नाही, तेव्हा उलटी करून खालून बघायला घाबरण्याचं कारण नाही. बघून झालं की साबणानं हात धुवावेत. तेही विषापेक्षा शेणासाठी.